लाल शिक्का

आमच्या नियंत्रण कक्षात एक लांबट, जाड पुठ्ठ्याची नोंदवही असते. १ जूनला तिचं पहिलं पान उघडतं. फोन कुणाचा आला, किती वाजता आला, काय म्हणाला आणि आम्ही पुढे कुणाला कळवलं, एवढंच त्यात लिहायचं. काही घडलं नाही तर ‘निरंक’. त्या जुलैतल्या एका दिवसाची माझ्या हातची सहा पानं त्या वहीत आहेत आणि त्यातली एक ओळ मी खोडलेली आहे. सरकारी वहीत खाडाखोड करायची नसते. करावीच लागली तर बाजूला सही करायची. माझी सही तिथे आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात महसूल सहायक आहे. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण ती सगळी माणसं अजून तिथेच आहेत, काही माझ्या शेजारच्या टेबलावर. आमच्याकडचा तालुका कसा असतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पूर्वेला सह्याद्रीचे उतार आणि त्यांना चिकटून बसलेल्या वाड्या, मध्ये एक लहानसं धरण, खाली खाडीच्या तोंडाशी बाजारपेठ. वर पडलेला पाऊस काही तासांत पेठेत उतरतो, आणि नेमकी भरती असली तर तिथेच तुंबतो.

त्या दिवशी सकाळी आठला मंडळनिहाय पर्जन्यमान घेतलं तेव्हा दोन मंडळांचा आकडा २०० मिलिमीटरच्या वर होता. २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला की आम्ही अतिवृष्टी धरतो, त्यावरून काय ते समजा. रेड अलर्ट आदल्या दिवशीच आला होता, बंदरात तीन नंबरचा बावटा लागला होता, शाळांना सुट्टी होती. साडेआठच्या सुमाराला धरणावरून शाखा अभियंत्यांचा फोन आला. धरण भरलं, सांडव्यावरून पाणी सुरू झालं, काळजीचं कारण नाही. मी लिहिलं: ‘८.३२. धरण पूर्ण क्षमतेने भरले. सांडवा सुरू. धरण सुस्थितीत.’ वर कळवलं. लोकांना मात्र कळवलं नाही, कारण लोकांसाठीचा मजकूर जिल्ह्याकडून मंजूर होऊन यायचा होता.

दहा चाळीसला पहिला फोन आला तो नालासोपाऱ्याहून. “मॅडम, धरण फुटलं का हो? आई एकटी आहे पेठेत.” मी काही बोलायच्या आत दुसरा फोन वाजला, मग तिसरा. पहिल्या दहा फोनांपैकी सात मुंबई, ठाणे, विरारचे. आमच्याकडे प्रत्येक वाडीचे दोन व्हॉट्सअॅप गट असतात, एक गावातला आणि एक मुंबईतल्या चाकरमान्यांचा. गावातली बातमी आधी मुंबईला जाते, तिथे चार गटांतून फिरते आणि मग मुलगा आईला फोन करून सांगतो की तुझ्या घरामागे काय झालंय. त्या सकाळी एक आवाज फिरत होता, जेमतेम पंधरा सेकंदांचा. धापा टाकणारा पुरुष म्हणत होता, “धरण फुटलंय, पेठेतल्या लोकांनी वर पळा, जीव वाचवा.” संदेशावर दोन बाणांची खूण, म्हणजे आधीच खूप हातांतून गेलेला.

आमच्या जिल्ह्यात ‘धरण फुटलं’ हे कानावर पडलं की माणूस विचार करत बसत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण शहर बुडवलं, त्या दिवशी लोकांनी कौलांवर आणि गच्च्यांवर बसून दिवस काढला. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कुणी ‘पळा’ म्हटलं तर ते पळणारच. मीही पळाले असते.

धरणाकडची रेंज गेली होती. पोलिसांच्या वायरलेसवरून निरोप धाडला, तिथला शिपाई भिजत सांडव्यापर्यंत जाऊन आला आणि धरण जागेवर आहे हे आमच्यापर्यंत पोचायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात पेठ रिकामी झाली होती. घाटीच्या चढावर रिक्षा, सहा आसनी आणि दुचाकी एकमेकांत अशा अडकल्या की बाळंतपणाची बाई घेऊन निघालेली १०८ तासभर जागची हलली नाही. मासळी बाजारात बसणाऱ्या एका म्हातारीला मी लहानपणापासून काकी म्हणते. ती धावत्या रिक्षात चढताना पडली आणि तिचा खुबा मोडला. पाटी डोक्यावर घेऊन चार मैल चालणारी बाई ती. त्यानंतर ती कधी बाजारात बसली नाही. अफवेमुळे काय बिघडतं, उगाच गाजावाजा आहे, असं कुणी म्हणालं की मला काकीचा तो जमिनीवर टेकलेला हात आठवतो आणि पुढचं ऐकवत नाही.

पुढे हळूहळू उलगडा झाला. सकाळी नऊच्या सुमारास धरणाजवळच्या कुणीतरी गावच्या गटावर लिहिलं होतं, ‘सांडवा सुरू झाला.’ ते मुंबईला गेलं. तिथे कुणीतरी विचारलं, ‘म्हणजे धरण गेलं का?’ पुढच्या कुणीतरी प्रश्नचिन्ह काढलं. मग कुणाला तरी बोलून सांगावंसं वाटलं. यात मुद्दाम खोटं बोललेला माणूस मला आजतागायत सापडलेला नाही. आणि ८.३२ ची ती ओळ या सगळ्या वेळात माझ्या वहीत होती. सांडवा म्हणजे काय, धरण भरल्यावर तिथून पाणी जाणं हेच कसं बरोबर, हे आम्ही पावणेनऊला चार वाक्यांत लोकांना सांगितलं असतं तर तो आवाज कुणी पुढे पाठवला नसता असं मला खात्रीने वाटतं. आम्ही मंजुरीची वाट बघत बसलो.

त्या घाईत शिक्का जन्माला आला. आमच्या कक्षातल्या तरुण संगणक चालकाने मोबाईलवर लाल गोल काढला, त्यात तिरप्या अक्षरांत ‘अफवा’, खाली कार्यालयाचं नाव. त्या संदेशाच्या चित्रावर तो ठोकून अकरा वीसला आम्ही सगळ्या गटांवर टाकला. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, सरपंच, मुंबईची मंडळं, सगळीकडे. आणि तो चालला! एक वाजेपर्यंत पेठ परत उघडली. जिल्ह्याहून शाबासकी आली, दुसऱ्या दोन तालुक्यांनी शिक्क्याचं चित्र मागून घेतलं. मला स्वतःला फार बरं वाटलं होतं. सकाळभर ज्या गोष्टीपुढे आम्ही हतबल होतो ती एका लाल वर्तुळाने थांबली होती.

तीनच्या सुमाराला व्हिडिओ आला. बावीस सेकंदांचा. लाल मातीचा उतार, त्यात हातभर रुंद भेग, एक कललेला फणस, आणि कापऱ्या आवाजात ‘बघा, बघा’. गावाचं नाव नाही, वेळ नाही. खाली कुणीतरी आमच्या तालुक्यातल्या एका वाडीचं नाव टाकलेलं. शेजारचा सहकारी म्हणाला, “हा जुना आहे. गेल्या पावसाळ्यात भलत्याच गावाच्या नावाने फिरत होता.” खरंच, तसा एक फिरला होता. लाल माती सगळीकडे लाल दिसते. मी चार मिनिटांत शिक्का मारला आणि पाठवला. वहीत लिहिलं: ‘३.१४. दरडीबाबतचा व्हिडिओ जुना असल्याची पडताळणी केली. अफवा म्हणून घोषित.’

पडताळणी केली नव्हती. ती ओळ मी नंतर खोडली.

पुढचं फार वेगाने झालं. सकाळच्या प्रकाराने सगळेच तापलेले होते. व्हिडिओ पहिल्यांदा कुणी टाकला हे शोधून एक हवालदार त्या वाडीजवळच्या नाक्यावर पोचला. एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याला व्हिडिओ पुसायला लावला आणि हात जोडून ‘मी अफवा पसरवली, माझी चूक झाली’ असं बोलताना त्याचंच चित्रीकरण केलं. ते साडेचारला आमच्या गटावर आलं. त्याखाली चाळीसेक अंगठे. त्यात एक माझा आहे. तो मी काढलेला नाही.

चार पन्नासला त्या गावच्या पोलीस पाटलांचा फोन. साठीला टेकलेला माणूस, मी त्यांना काका म्हणते.

“ताई, तो विडिओ जुना नाय. आमच्याच वाडीच्या वरचा हाय. नातवान काढलान आज सकाळी. मी स्वता भेग बघून आलो.”

“काका, नक्की?”

“मी खोटा कशाला सांगेन? आणि आणखी एक. वरच्या पऱ्याचा पाणी दुपारपासून बंद झालाय. एवढा पाऊस पडतोय नि पऱ्या सुका.”

माझ्या पोटात गोळा आला. दरडींबद्दलच्या प्रशिक्षणात आम्हाला चार खुणा पाठ करायला लावल्या होत्या: जमिनीला भेगा, झाडं आणि खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, आणि भर पावसात ओढा आटणं. वर कुठेतरी माती सरकून पाणी अडलंय किंवा ते डोंगराच्या पोटात शिरतंय, असा त्याचा अर्थ. त्या दोन वाक्यांत काकांनी मला दोन खुणा सांगितल्या होत्या.

मी साहेबांकडे गेले. तो माणूस वाईट नाही हे मला आधी सांगू द्या. तीन दिवसांत चार-पाच तास झोपले असतील. ते म्हणाले, “तलाठ्याला पाठवा, बघून येऊ दे. पण शिक्का मागे घेऊ नका. आज दुपारी लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवला. आता आपणच चुकलो म्हटलं, आणि रात्री परत धरणाची अफवा आली, तर कोण ऐकेल?” मी म्हटलं, “निदान ‘तपासणी सुरू आहे’ एवढं तरी टाकू.” ते म्हणाले, “सकाळी बघू.” तलाठी निघाला, पण वाटेतला साकव पाण्याखाली होता. तो परत फिरला. शिक्का तसाच राहिला.

मी काकांना माझ्या फोनवरून फोन केला आणि म्हटलं, माझ्या शब्दावर माणसं हलवा. त्यांनी अकरा घरं हलवली, शाळेत. पोलीस पाटलाचा शब्द होता म्हणून माणसं उठली. खिचडी शिजली, गुरं मात्र वाडीतच राहिली.

त्या अकरांतल्या एका घरात एक निवृत्त गिरणी कामगार आजोबा एकटे राहत. रात्री नऊला त्यांना विरारहून मुलाचा फोन आला. मुलाने गटावर शिक्का पाहिला होता, त्या पोराचा माफीचा व्हिडिओही पाहिला होता. तो म्हणाला, “बाबा, सरकारने सांगितलंय अफवा आहे म्हणून. ओल्यात जमिनीवर कशाला झोपताय, घरी जा.” म्हातारा उठून कंदील घेऊन घरी गेला. गायही होती. दोन चाळीसला उतार खाली आला. दोन गोठे आणि तीन घरं मातीत गेली. वाडीतल्या माणसांनी पहारी आणि घमेली घेऊन आजोबांना पहाटेपर्यंत उकरून काढलं, आमची यंत्रणा पोचायच्या बरीच आधी. ते वाचले. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

माझा संदेश जसा पेठेतून मुंबईला जाऊन परत आला तसाच, अगदी त्याच वाटेने, सकाळचा खोटा आवाजही आला होता. फरक एवढाच की माझ्या संदेशावर कार्यालयाचं नाव होतं.

रात्री तीन दहाला मी कुणाला न विचारता गटावर लिहिलं: ‘दुपारी ३.१४ चा शिक्का चुकीचा होता. व्हिडिओ खरा आहे. दरड आली आहे.’ आठवड्याने मला खुलासा मागितला गेला. दरड कशी आली याचा नव्हे. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय संदेश मागे का घेतला, याचा.

खुलासा लिहिताना मी पहिल्यांदा कायदा वाचला. माझा मामेभाऊ वकिली करतो, त्याने निकाल आणून दिले. हवालदाराने त्या मुलाला दोन कलमांची भीती घातली होती. एक आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ चं कलम ५४: आपत्तीचा खोटा इशारा देऊन घबराट पसरवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. दुसरं भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३, जे १ जुलै २०२४ पासून लागू आहे: खोटी माहिती किंवा अफवा पसरवून लोकांत भीती निर्माण करण्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमही स्पष्ट लिहिलंय. पण याच कलमाखाली एक अपवाद आहे. आपण सांगतो ते खरं मानायला वाजवी कारण असेल आणि सद्भावनेने सांगितलं असेल तर तो गुन्हाच होत नाही. म्हणजे कायद्याने त्या मुलाला आधीच मोकळं ठेवलं होतं. नाक्यावर हात जोडायला लावताना तो अपवाद कुणी वाचला नव्हता.

हे आपल्या किनारपट्टीला नवीनही नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका तरुणीने शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने त्या ‘लाईक’ केल्या, आणि दोघींना अटक झाली. ते प्रकरण गाजलं आणि त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात न्यायालयाने ते कलम रद्द केलं. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’ अशा शब्दांना धरबंध नसतो, त्यांत काहीही बसवता येतं. माझ्या लाल वर्तुळातला ‘अफवा’ हा शब्दही तसाच होता.

म्हणून सरकारने यात पडूच नये, असं मी म्हणत नाही. मला ते म्हणवत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक असेच गेले, तिथेही चोर फिरत असल्याच्या अफवा आधी दिवसेंदिवस फिरत होत्या. तेव्हा जे म्हणतात की लोकांना काय ते ठरवू द्या, बाजारात खरं आपोआप टिकतं, त्यांनी त्या पाच घरांत जाऊन हे सांगावं. खरं टिकतंही असेल, पण त्याला पोचायला वेळ लागतो. त्या सकाळी पंचवीस मिनिटं लागली आणि काकीचा खुबा गेला.

राईनपाड्यानंतर सरकारने व्हॉट्सअॅपला जाब विचारला आणि त्याच जुलैत भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. मला हा प्रकार पटतो. त्यात संदेश खरा की खोटा हे कुणी ठरवत नाही, फक्त त्याचा वेग कमी होतो. रस्त्यावर गतिरोधक घालताना गाडीत कोण बसलंय हे आपण विचारत नाही. हे नियम कंपन्यांच्या मर्जीवर सोडू नयेत, कायद्याने बांधावेत, आणि कोकणी, मालवणी, अहिराणी कळणारी माणसं कंपन्यांनी नेमावीत, असं मला ठामपणे वाटतं. इथल्या बोलीत बोललेला पंधरा सेकंदांचा आवाज कुठल्या दूरच्या यंत्राला कळणार?

खरं-खोटं ठरवण्याची गोष्ट मात्र वेगळी. मामेभावाने दिलेल्या कागदांत मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल होता. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियम दुरुस्त केले होते. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दल काय बनावट, खोटं किंवा दिशाभूल करणारं आहे ते केंद्राचाच तथ्य तपासणी कक्ष ठरवणार, आणि तो मजकूर तसाच ठेवणाऱ्या समाजमाध्यमाचं कायदेशीर संरक्षण जाणार. ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं. न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी तो वैध मानला. तिसरे न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला तो घटनाबाह्य ठरवला. तो नियम केंद्राच्या कामापुरता होता, माझ्या कक्षाशी त्याचा संबंध नव्हता. पण स्वतःच्या कामाबद्दल स्वतःच निवाडा करायचा नाही, हे वाचताना मला साहेबांचं ‘सकाळी बघू’ ऐकू येत होतं. तेही काही लपवत नव्हते. शिक्का एकदा मारल्यावर तो शाबूत ठेवणं हेच आमचं काम होऊन बसलं होतं.

आणि तिवऱ्याचा विचार करा. त्या धरणाला गळती आहे हे गावकरी आधीपासून सांगत होते, तक्रारी देत होते. समजा, २०१९ च्या जूनमध्ये तिथल्या कुणी गळतीचा व्हिडिओ टाकला असता आणि माझ्यासारख्या कुणी त्यावर ‘अफवा’ मारली असती. धरण फुटल्यावर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं होतं. ते विधान कुणी तपासायचं होतं, आणि त्यावर शिक्का कुणी मारायचा होता? ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण दरडीखाली गेलं ते जगाला कळलं एका एसटी चालकामुळे. गाव जिथे असायचं तिथे त्याला गाव दिसलं नाही. वाईट बातमी खालूनच येते आणि तिच्यावर सही-शिक्का नसतो.

माझे वडील मच्छीमार होते. लहानपणी मी त्यांच्याबरोबर धक्क्यावर जायचे आणि ते आधी बंदराच्या खांबाकडे बघायचे. बावटा चढवलेला असला तर कितीही चांगली मासळी लागणार असली तरी होडी ढकलायचे नाहीत. मी एकदा विचारलं की त्या माणसाचं इतकं का ऐकायचं. ते म्हणाले, तो बावटा उतरवतो पण. वारा पडला की सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतरवतो. खुलाशात मी हेच लिहिलं, अर्थात कार्यालयीन भाषेत. आमच्या शिक्क्याला चढवायची दोरी होती, उतरवायची नव्हती.

सरकारला नियम करायचेच असतील तर ते आधी माझ्यासारखीच्या हाताला लावावेत. कोणत्याही संदेशाला खोटं म्हणायचं तर कोणी तपासलं, कधी तपासलं, जागेवर जाऊन की टेबलावरून, हे नावानिशी लिहावं लागावं. ज्या खात्यावर तो संदेश बोट ठेवतो त्या खात्याने निवाडा करू नये. धरणाबद्दल असेल तर धरणाबाहेरच्या जाणकाराने बघावं. चूक कळली तर ती त्याच गटांवर, तितक्याच मोठ्या अक्षरांत, त्याच तासात मागे घ्यायची सक्ती असावी आणि ती मागे घेणाऱ्याला खुलासा विचारता येऊ नये. ज्याला खोटं ठरवलं त्याला तालुक्यातच, काही तासांत दाद मागता यावी. न्यायालयाची तारीख पडेपर्यंत डोंगर थांबत नाही. तुरुंग फक्त त्याच्यासाठी ठेवावा, ज्याला खोटं आहे हे माहीत होतं आणि तरी त्याने ते घडवलं.

यातलं काही आम्ही आता करतो. शिक्का बंद आहे. त्याच्या जागी साधे तीन रकाने असतात: काय कळलं, कोणी पाहिलं, किती वाजता. चौथ्यात कधीकधी ‘अजून पाहिलेलं नाही’. सांडवा सुरू झाला की मंजुरीची वाट न बघता पाच मिनिटांत लोकांना कळवतो. साहेबांनीच ते सुरू केलं, आणि आजोबांना भेटायला दवाखान्यात माझ्यासोबत तेच आले होते. पण हे त्यांच्या शब्दावर चाललंय. त्यांची बदली झाली की शिक्का परत येऊ शकतो. त्याचं चित्र अजून कक्षाच्या संगणकात आहे, आणि त्या दोन तालुक्यांतही.

दवाखान्यात आजोबा बोलले नाहीत. बोलला त्यांचा मुलगा. तो रागावलेला नव्हता, ते मला जास्त लागलं. त्याने फोन उघडून माझ्यापुढे धरला. लाल वर्तुळ, खाली आमचं नाव. “मी हे बघून सांगितलं त्यांना, मॅडम. सरकारचं आहे म्हणून सांगितलं.”

काकांच्या नातवाचा हात जोडलेला व्हिडिओ अजून फिरतो. काकांनी मला तो थांबवता येईल का विचारलं होतं. मी जितक्या गटांना सांगता आलं तितक्यांना सांगितलं.

या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला. पाठवणारा तोच. शेजारच्या वाडीच्या वरचा चढ, झाडीत एक कोरडा पऱ्या, बाजूला पाऊस ओततोय. गटावर टाकला नव्हता, फक्त मला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘ताई, गटावर टाकू का? परत माफी मागावी लागणार नाही ना?’

मी त्याला फोन लावला. म्हटलं, टाक. वाडीचं नाव आणि वेळ तोंडाने बोल, आणि तुझं नावही सांग. मग वही ओढली, वेळ घातली ५.५२, आणि मंडळ अधिकाऱ्यांना उठवलं.